चुकांचा तास

आप्पा,

उद्या रविवार, आपल्या डॉक्टरांच्या मंडळाची वार्षिक सभा. जेवणं उरकली, पान-सुपारी झाली की तीन वाजता दारं लावून घेतली जातील आणि चुकांचा तास सुरू होईल. तुमच्याशिवायचा पहिलाच. गेली नऊ वर्षं त्या तासाला मी तुमच्या शेजारी बसून घामाघूम होत आलो. उद्या शेजारची खुर्ची रिकामी असेल, पण घाम आजच फुटलाय. शनिवारची सकाळ आहे, दवाखाना उघडलेला नाही, आणि हे कुणाला वाचून दाखवायचं नाही एवढ्या बोलीवर मी लिहायला बसलोय.

खरं तर मंडळाचा चिटणीस म्हणून तुमच्यावर दोन पानं लिहायची आहेत. हंगामी अध्यक्ष म्हणून हेरेकरांनी तसं बजावलंय. तुमचं शिक्षण, निपाणीतली तुमची वर्षं, जत्रेच्या दिवसांत पटकीच्या टोचणीसाठी तुम्ही उभे केलेले तंबू, जिल्हा बोर्डाशी घातलेली भांडणं, सगळं त्यात यायला हवं. दोन दिवस तो कागद समोर ठेवून बसलो. "आमचे आदरणीय अध्यक्ष" इतकं लिहून झालं, पुढं हात चालेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "वसंता, मेल्यावर माणूस एकदम आदरणीय होतंय व्हय रं? जित्तेपणी तर माझ्यावर खेकसत हुतास."

खेकसतच होतो. शेवटच्या भेटीतसुद्धा. ते पुढं येईलच.

चुकांचा तास तुमच्या डोक्यातून निघाला. मंडळ नवं होतं, बेळगावातले आठ-दहा आणि चिक्कोडी, गोकाक, निपाणीकडचे मोजके डॉक्टर. सभेला यायचं, एकमेकांची पाठ थोपटायची, वैदूंच्या विरोधात एक ठराव करायचा आणि जेवून घरी जायचं. तुम्ही उठून म्हणालात, बरे झालेले रोगी आपली कीर्ती गावभर सांगतातच, ती इथं पुन्हा कशाला? वर्षातला एक तास मेलेल्यांना द्या. दरवर्षी एकानं उभं राहायचं आणि आपल्या हातून कोण कसा दगावला ते सांगायचं. कुणी लिहून घ्यायचं नाही, चिटणीसानं लेखणीला टोपण लावायचं. बाहेर कुणी बोलायचं नाही, पण ऐकणाऱ्यानं घरी जाऊन आपल्या दवाखान्यात तेवढं सुधारून घ्यायचं.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मग पहिले तुम्हीच उभे राहिलात. तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई, तिचा खोकला तुम्ही सहा महिने तंबाखूच्या धुळीचा समजत राहिलात आणि तो क्षय निघाला, तोवर तिची धाकटी बहीणही खोकायला लागली होती. तुम्ही सांगून खाली बसलात. हेरेकरांनी मोठ्यानं नाक शिंकरलं. पुढच्या वर्षी दोघं उभे राहिले.

मी कधीच उभा राहिलो नाही. लेखणीला टोपण मात्र माझ्याइतकं मन लावून कुणी लावलं नसेल. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसला चिटणीस मिळाला मंडळाला.

आता शहापूरची ती दुपार. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा क्रमानं सांगू द्या. उद्या सांगायचंय, जिभेला सवय हवी.

शंकराप्पा विणकर. खड्ड्याच्या मागावर बसून बसून पाय गळाल्यासारखे व्हायचे, आणि झोप नाही. पायांसाठी मी कुचल्याच्या सत्त्वाचं औषध देत होतो, झोपेसाठी ब्रोमाइड. बाटल्या दोन, वेळा दोन. एक दिवस तो एकच बाटली घेऊन आला. दुसरी फुटली होती. "डाक्टर, दोन्ही ह्यातच घाला की. पोटात जाऊन एकच हुतंय न्हवं?" बाकड्यावर माणसं खोळंबली होती. मी हसलो आणि दोन्ही औषधं एका चिठ्ठीत लिहिली.

पोटात एकच होत असेल, बाटलीत होत नाही. ती दोन औषधं एकत्र आली की कुचल्याचं विष हळूहळू सुयांसारखे कण होऊन तळाला बसतं. वरचे डोस पाण्यासारखे जातात, शेवटच्या डोसात सगळं विष. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. बाटलीवर 'हलवून घ्या' असं लेबल लावलं होतं, तेही इंग्रजीत. शंकराप्पाच्या गल्लीत इंग्रजी वाचणारा कोण होता, देव जाणे.

आणि त्याच्या बायकोला, चंद्राक्काला, मी एक गोष्ट वर सांगितली. "शेवटच्या डोसाला बाटलीत थोडं कढत पाणी घाल, विसळ आणि पाज. थेंब वाया घालवू नको." ही तुमची निपाणीची रीत. हिवतापाच्या औषधात क्विनीन तळाला राहायचं, लोक ते ओतून द्यायचे आणि ताप उलटायचा. म्हणून वखारीतल्या प्रत्येक बाईला तुम्ही बजावायचात, बाटली विसळून प्या. तुमच्या हाताखाली दोन वर्षं काढताना मी ते इतक्यांदा ऐकलं की पुढं कुठल्या बाटलीला सांगायचं आणि कुठल्या नाही, हा विचारच माझ्या डोक्यात आला नाही.

तिनं विसळली. पाजली. थोड्याच वेळात शंकराप्पाचं अंग धनुष्यासारखं ताठलं.

त्या दिवशी तुम्ही बेळगावात होतात, मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक होती म्हणून. निरोप आला तेव्हा आपण दोघं माझ्याच घरी जेवत होतो. टांगा करून गेलो. पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. गल्लीतले माग थांबलेले, दारात पन्नास माणसं. तुम्ही कोनाड्यातली बाटली उचलून उजेडात धरली. तळाशी अजून चार-दोन सुया चमकत होत्या. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मला कळलं.

तेवढ्यात शंकराप्पाचा धाकटा भाऊ भरमाप्पा पुढं आला. "औषध पोटात गेलं आन् आचके सुरू झाले. काय पाजलंस गं वैनी?"

चंद्राक्का म्हणाली, "शेवटचा डोस हुता. बाटली विसळून पाजली."

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. आणि मी, आप्पा, मी डॉक्टरचा आवाज काढून विचारलं, "तुला कुणी सांगितलं विसळायला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्हीच की" म्हणायला किती वेळ लागतो? ती म्हणाली नाही. पदर तोंडाला लावून खाली बसली. सासूनं तिथंच तिला शिव्या द्यायला सुरुवात केली.

तुम्ही बाटली कोटाच्या खिशात घातली आणि तुम्हीही काही बोलला नाहीत.

परतताना टांग्यात तुम्ही एवढंच म्हणालात, "ब्रोमाइड आन् कुचला एका बाटलीत. ही चूक हाय वसंता, चूक माणसाकडनं हुती. पण त्या बाईला जे इचारलंस, त्याला मी चूक म्हणणार न्हाय." मग बऱ्याच वेळानं, "आन् मी गप बसलो. ती माझी."

पुढं नऊ वर्षं आपण हेच भांडलो. दर वार्षिक सभेच्या आधी पत्रिकेचा मसुदा घेऊन मी निपाणीला यायचो, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारायचात, "चुकांच्या तासाला कोण?" मी कुणाचं तरी नाव सांगायचो. "आन् तू?" पुढच्या वर्षी, मी म्हणायचो. माझी कारणंही तयार असायची. मुलं लहान आहेत. शहापुरात नवा डॉक्टर आलाय, तो टपूनच बसलाय. खोलीतली गोष्ट खोलीत राहते हे म्हणायला ठीक, पण हेरेकरांच्या पोटात काही राहिलंय का कधी?

एकदा मी चिडून म्हणालो, तुम्हाला एवढं वाटतं तर तुम्हीच सांगून टाका ना. तुम्ही मान हलवलीत. "तुझी चूक तू सांगितलीस तर ती कबुली. मी सांगितली तर ती चुगली. आन् माझी चूक सांगायची तर तुझी आधी सांगावी लागती. तवा तू उठशील त्या दिवशी तुझ्या मागनं मी उठणार. थांबतो की."

हे वाक्य तेव्हा मला किती सोयीचं वाटलं होतं! थांबतो म्हणतायत ना, मग थांबू देत. माझ्या भित्रेपणामागं एक म्हातारा माणूस आपलं ओझं घेऊन रांगेत उभा आहे, हे मी एकदाही मनात आणलं नाही.

शिवाय ती बाटली होती. तुम्ही ती खिशात घातलेली मी बघितली होती आणि परत कधी बघितली नव्हती. तुमच्या दवाखान्यातलं काचेचं कपाट मला खुपायला लागलं. निपाणीला आलो की मी त्या कपाटाकडं पाठ करून बसायचो. तुम्ही एखाद्या औषधासाठी किल्ली लावलीत की मी काहीतरी निमित्त काढून परसात जायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. एवढी वर्षं तुमच्यासारख्या माणसाबद्दल मी मनात संशय धरला की कधीतरी तो ती बाटली माझ्यासमोर आणून ठेवेल.

शेवटचं भांडण महिन्यापूर्वीचं. तुम्ही खंगला होतात. तंबाखूचा वास सगळ्या गावाला होता तसा तुमच्या कोटालाही होता, पण कोट आता खुंटीवर लावल्यासारखा अंगावर लोंबत होता. मसुदा वाचलात आणि विचारलंत, "ह्या सालीबी न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

"माझ्याजवळ लई सालं न्हाईत रं."

आणि मी बोलून गेलो, "तुम्हाला मूल ना बाळ. तुमचं काय जातंय सांगायला?"

आक्का आत चहा ओतत होत्या. भांड्याचा आवाज थांबला. तुम्ही चष्मा खाली घेतलात, मसुद्याची घडी केलीत आणि म्हणालात, "चहा घे. मोटार चुकंल."

मी चहा घेतला आणि मोटारीत बसलो. संकेश्वर येईपर्यंत स्वतःला समजावत होतो की पत्र लिहून माफी मागू. पत्र लिहिलं नाही. पत्रात ते बरं दिसलं नसतं, समोर सांगू, असं ठरवलं. मग तुमच्या जाण्याची तार आली. आता हे असं कागदावर सांगतोय. चुकलो, आप्पा. ते बोलायला नको होतं. तुम्हा नवराबायकोला मूल नव्हतं आणि मला तुम्ही पोराच्या जागी धरलं होतं, हे आक्कांच्या त्या थांबलेल्या हाताला कळलं, मला नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी कार्यकारिणी बसली. हेरेकर आता हंगामी अध्यक्ष. ते म्हणाले, यंदा चुकांचा तास नको, औचित्य नाही, त्या वेळात आप्पांची शोकसभा घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. तुमच्या फोटोला हार घालून, तुमच्या नावानं डोळे पुसून मला आणखी एक वर्ष मिळत होतं. आणि पुढच्या वर्षी हा तास कशाला, म्हणणारे निघालेच असते. मी माझ्या हातानं पत्रिकेत लिहिलं: दुपारी तीन ते चार, शोकसभा. लिहून छापखान्यात पाठवलं.

मग तेराव्याला निपाणीला आलो. जेवणं झाली, लोक पांगले. आक्का परसात जात्याच्या दगडावर बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, कपाटातल्या बाटल्यांचं काय करायचं? मी येऊन बघून घेऊ का?

आक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं. "शापूरची बाटली हुडकाय लागलायस व्हय?"

मी हो म्हणून मान हलवली.

"ती कवाच फोडली रं. आणली त्याच दिशी. इषाची बाटली घरात कशाला ठिवतील ते? हितंच, पेरवीच्या बुडात खोल पुरली, म्हशीच्या पायात काच जाऊ नये म्हणून. मला म्हणले, बाटली पुरली, बाकीचं पुराय येत न्हाय."

पेरूच्या झाडाखाली कोंबड्या माती उकरत होत्या. क्षणभर, आप्पा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आता पुरावा नाही, साक्षीदार नाही. आणि त्याच्याच मागोमाग असं शरमल्यासारखं झालं की आक्कांसमोर उभं राहवेना. नऊ वर्षं मी ज्याला भीत होतो ते नव्हतंच. तुम्ही माझ्या मानेवर काहीही धरून ठेवलं नव्हतं. म्हणजे सांगायचं की नाही, हे पहिल्या दिवसापासून फक्त माझ्यावर होतं.

निपाणीहून आलो तो मोटारीतून उतरून थेट छापखान्यात. पत्रिका छापून वाळत टाकलेल्या. मालक म्हणाला, झालं की सगळं. मी म्हणालो, परत छापा. तीन ते चार, चुकांचा तास. आणि आजवर आपण कधी छापलं नाही ते छापायला सांगितलं, खाली माझं नाव. हेरेकर तावातावानं घरी आले. "आप्पांची शोकसभा रद्द करणारे तुम्ही कोण?" मी म्हणालो, शोकसभाच आहे, नाव तेवढं वेगळं आहे. त्यांना ते कळलं नाही. उद्या कळेल.

पण सभेला सांगण्याआधी एका दाराशी जायचं होतं. बुधवारी गेलो. नऊ वर्षांत त्या गल्लीत मी दोन-चारदाच गेलो असेन, तेही मान खाली घालून.

चंद्राक्का दारात बसून चाकावर सुताच्या कांड्या भरत होती. केस पिकलेत. चाक थांबवलं, पण उठली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. औषध मी चुकीचं मिसळलं होतं. विसळायला मीच सांगितलं होतं. नंतर चारचौघांत खोटं बोललो. रविवारी सगळ्या डॉक्टरांच्या सभेत हे सांगणार आहे.

तिनं तुटलेला धागा जोडला. शेवटी मीच विचारलं, "तू तेव्हा का बोलली नाहीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "दोन पोरं पदरात हुती. सासू दम्यानं आजारी. गल्लीला डाक्टर तुमी एकच. तुमच्यासंगं वाकडं घिऊन, उद्या पोरं तापली तर कुणाच्या दारात जाऊ?"

मी स्वतःला नेहमी समजावत आलो होतो की ती घाबरली, गोंधळली, तिला आठवलं नसेल. तिला सगळं आठवत होतं. तिनं तेवढ्या एका क्षणात दोन पोरांचा विचार केला आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार घेतला. मीही त्या क्षणी पोरांचाच विचार केला होता म्हणतो, माझ्या.

मग तिनं तुमचा विषय काढला. "ते निपाणीचं म्हातारं डाक्टर बरं हाईत का? यंदाबी येतील न्हवं?"

कुठं यायचे, मी विचारलं.

"हितं की. दर साली, तुमची सभा झाली की दुसऱ्या दिशी. काय बोलायचं न्हाईत. भर दुपारी कट्ट्यावर बसायचं, समद्या गल्लीसमूर माझ्या हातचं पाणी मागायचं, पिऊन जायचं. मला त्यांचा राग हुता आधी. मग पाणी भरून ठिवाय लागले." तिनं कांडी चाकावरनं काढली. "माझ्या हातानं घरात कुणी औषध घेत न्हाय, डाक्टर. माझ्याच पोरांस्नी जाऊ पाजायची. पाणीबी मागनात. तेवढं एक म्हातारं मागायचं."

तुम्ही गेल्याचं मी तिला सांगितलं. तिनं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

आप्पा, सभा संपली की दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडं मुक्काम टाकून "शहापुरात जरा एक काम हाय" म्हणून जायचात. मी सूतव्यापाऱ्याकडं जात असाल असं धरून चाललो होतो. माझ्या भीतीनं तुमचं तोंड बांधलं होतं, म्हणून तुम्ही पाणी पिऊन येत होता.

मी निघालो तेव्हा चंद्राक्कानं हाक मारली. "त्या सभंत मला कोण वळखतंय? तिथं सांगून माझं काय हुतंय? गल्लीत सांगा."

बुधवारची रात्र कशी काढली ते विचारू नका. सभेतले डॉक्टर आपलेच, त्यांच्याही पोटात एकेक मढं आहे. गल्ली आपली नाही. गल्ली म्हणजे माझा दवाखाना, माझ्या मुलींची लग्नं, माझं रस्त्यातून चालणं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी येते बरोबर." तेवढ्यानं निभावलं.

गुरुवारी दुपारी जेवणासाठी माग थांबतात, तेव्हा मारुतीच्या कट्ट्याजवळ उभा राहिलो. हाक मारावी लागली नाही. डॉक्टर बायकोला घेऊन भर दुपारी कट्ट्यापाशी उभा राहिलाय म्हटल्यावर माणसं जमलीच, चंद्राक्काही आली. मी सांगितलं. सभेसाठी शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही आठवला नाही. "शंकराप्पा माझ्या औषधानं गेला. चंद्राक्कानं मी सांगितलं तेच केलं. मी खोटं बोललो." झालं, एवढंच. नऊ वर्षं जे गिळत होतो ते सांगायला तांब्याभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

कुणीतरी शिवी दिली. एक म्हातारा थुंकला. मी भरमाप्पाकडं बघत होतो. वाटलं, हा अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो जागचा हललाच नाही. वहिनीकडं न बघता म्हणाला, "आईनं मरताना हिच्या हातचं पाणी घेतलं न्हाय. तोंड फिरवलं. मीच म्हणालो, नगं घिऊ."

मग तो घरात गेला. बाकीचे माग थोड्या वेळानं सुरू झाले, त्याचा झाला नाही. आम्ही दोघं गल्लीतून बाहेर पडलो, आणि एरवी रस्त्यात भेटले की रामराम करणाऱ्यांपैकी कुणीही मान वर केली नाही.

काल, शुक्रवारी, दवाखाना उघडला तर बाकडं रिकामं. शहापूरचं एक माणूस नाही. कंग्राळीहून बैलगाडीनं आलेली चार माणसं तेवढी बसली होती, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोहोचली नव्हती. मी मनाशी म्हणालो, ही सुरुवात आहे, सवय करून घे. कुचल्याची बाटली वेगळ्या फळीवर ठेवली. लाल शाईनं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं, हिच्यात ब्रोमाइड घालू नये. नऊ वर्षांपूर्वी करायचं काम काल केलं.

उद्याचं सांगतो. मी उभा राहीन, सगळं सांगेन. बरोबर आणखी एक डॉक्टर होता का, असं कुणी विचारलं तर होता म्हणेन, नाव सांगणार नाही. तुमची चूक मी सांगितली तर ती चुगली. पण माझ्यामागनं तुम्ही उठणार होता, तेव्हा माझं झाल्यावर तेवढा वेळ रिकामा ठेवा, असं मी सभेला सांगणार आहे. हेरेकर घड्याळ काढून बघतील. बघू देत. सोमवारी मी शहापुरात जाईन. तुमच्यासारखं पाणी मागायचा अधिकार मला नाही, पण तुमच्याऐवजी कुणीतरी तिथं गेलं पाहिजे.

आता शेवटचं, आणि हे मात्र तुम्हाला सांगायला मी कालपासून धावतोय.

काल अकराच्या सुमाराला चंद्राक्का दवाखान्यात आली. पोरांना जाऊ घेऊन यायची, ती स्वतः नऊ वर्षांत पहिल्यांदा. खोकत होती. कंग्राळीच्या माणसांनी सरकून जागा दिली, पण ती बसली नाही. सरळ टेबलाशी आली आणि पदराखालून रिकामी बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. आतबाहेरून लख्ख धुतलेली.

मी तपासलं. खोकल्याचं औषध माझ्या हातानं तयार केलं, दोनदा उजेडात धरून बघितलं, बूच लावलं, तिच्यापुढं सरकवलं. तिनं उचललं नाही.

"विसळून घ्यायचं का न्हाय?" तिनं विचारलं.

"नाही," मी हळूच म्हणालो.

"असं न्हवं." तिनं मागं वळून त्या चौघांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "उठून सांगा. ह्या खेपंला चार माणसांदेखत सांगा."

मी उठून उभा राहिलो.